गाठ बसली तर कागद!

करून तर पाहा!

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच मला तुमची माफी मागायची आहे.

काही आठवड्यांपूर्वी याच पानावर मी तुम्हाला पाना-फुलांचा कागद सांगितला होता. आठवतंय ना? पाकळ्या आणि पानं मिक्सरमधून काढा, पाण्यात कालवा, जाळीवर गाळा, वाळवा, की झाला कागद! त्यावर एका सातवीतल्या मुलीचं पत्र आलं. पत्र कसलं, चांगली हजेरीच होती! तिने लिहिलं होतं, "मावशी, मी दारातल्या झेंडूच्या पाकळ्या आणि पेरूची पानं घेऊन तुम्ही सांगितलंत तस्संच केलं. वाळल्यावर कागद नाही, चुरा झाला. हात लावला की पापडासारखा मोडतो. दादा दिवसभर 'कागद वाढ गं जरा आमटीबरोबर' म्हणून चिडवतोय. तुम्ही स्वतः करून पाहिला होता का?"

शेवटचा प्रश्न वाचून मी गप्पच बसले. केला होता मी कागद, खोटं नाही. पण माझ्या बादलीत पाना-फुलांच्या जोडीला जुन्या वह्यांच्या कागदाचा लगदा होता, तोही निम्म्याहून जास्त. 'रद्दी काय, सगळेच घालतात' असं समजून मी तिचा उल्लेखच केला नाही. कागद धरून ठेवला होता तो रद्दीने, आणि शाबासकी दिली मी झेंडूला!

मग ठरवलं, की रद्दीचा एक तुकडाही न घालता, नुसत्या परसातल्या झाडापासून कागद करून दाखवायचा आणि मगच पुन्हा लिहायचं. दोन आठवडे आमच्या स्वयंपाकघरात नुसता गोंधळ होता. पेरूची पानं झाली, तुळशीच्या काड्या झाल्या, कढीपत्ता झाला. सगळ्यांचा चुराच!

शेवटी वाट दाखवली आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. ते मूळचे कोकणातले. माझी धडपड ते झोपाळ्यावरून बघत होते. एके दिवशी म्हणाले, "अगं, फूलवाला गजरा कशाने बांधतो? पेरूच्या पानाने? केळीच्या सोपटाने बांधतो ना? ज्याची गाठ मारता येते, त्यात दम असतो. ज्याची गाठ बसत नाही, त्याचा कागद कसला करतेस?"

किती साधी परीक्षा! झाडाचा जो भाग घ्यायचा त्याची एक पट्टी काढा, पिळा, गाठ मारा आणि ओढा. तुटली, तर ते झाड कागदाच्या कामाचं नाही. गाठ बसली, तर त्यात लांब, चिवट तंतू आहेत. कागद म्हणजे वाटून थापलेला पाला नव्हे. तो या तंतूंचा बनतो. झाडातले तंतू सुटे करायचे, पाण्यात पसरायचे आणि जाळीवर पुन्हा एकमेकांत गुंतवून पकडायचे. तेवढं जमलं की झालं. पाकळीत असे तंतू फारच थोडे असतात. बिचारा झेंडू काय करणार!

तुमच्या परसात, कुंडीत, शेताच्या बांधावर ही परीक्षा घेत फिरा. मजा येते. जास्वंदीच्या फांदीची साल सोलून बघा, मस्त गाठ बसते. भेंडीचा हंगाम संपल्यावर उपटून टाकलेल्या झाडांची सालही तशीच. अंबाडीचं तर विचारूच नका, तिच्या सालीच्या वाखाचे दोर वळतात. जास्वंद, भेंडी, अंबाडी आणि आपला कापूस ही सगळी एकाच कुळातली भावंडं आहेत, हे तुम्हाला ठाऊक होतं का? तुतीची सालही चालते. तिच्याच नात्यातल्या एका झाडाच्या सालीचा कागद जपानमध्ये शेकडो वर्षं करतात. गवती चहा आणि मक्याच्या कणसावरची पानं यांचाही कागद होतो, पण जरा दुबळा. मात्र कण्हेर, रुई, शेर यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांचा चीक विषारी आहे, डोळ्यांत गेला तर भलतंच व्हायचं. आणि अनोळखी झाड मोठ्यांना विचारल्याशिवाय उकळायचं नाही म्हणजे नाही.

मी घेतली केळ. घड उतरवला की केळीचं झाड तोडूनच टाकतात, त्यामुळे कुणाचं नुकसान नाही. केळीच्या खोडाचे एकावर एक गुंडाळलेले पदर असतात, तेच सोपट. ते सोलताना जुने कपडे घाला. केळीच्या चिकाचा डाग जन्मात जात नाही! दोन किलो ओलं सोपट चार-पाच दिवस उन्हात वाळवलं, तर त्याचं वजन भरलं जेमतेम दीडशे ग्रॅम. बाकी सगळं पाणीच!

वाळलेल्या सोपटाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. लांब ठेवलेत तर पुढे मिक्सरच्या पात्याला गुंडाळतात आणि घरच्यांची बोलणी खावी लागतात. तुकडे रात्रभर पाण्यात भिजत घाला. दुसऱ्या दिवशी आई, बाबा किंवा ताई-दादा यांच्यापैकी कुणालातरी हाताशी घ्या, कारण आता शिजवायचं काम आहे. ते त्यांनीच करायचं, तुम्ही लांबून बघायचं. शंभर ग्रॅम वाळलेल्या सोपटाला वीस ग्रॅम धुण्याचा सोडा आणि अडीच-तीन लिटर पाणी. भांडं स्टीलचंच हवं. ॲल्युमिनियमचं नको, सोडा ते खातो आणि भांडं काळं पडतं. दुकानदार 'कॉस्टिक सोडा' देऊ लागला, तर घेऊ नका. तो कातडी जाळतो. आपल्याला साधा धुण्याचाच हवा. खिडक्या उघड्या ठेवा, कारण वास काही अत्तराचा येत नाही.

मंद आचेवर दोन-तीन तास शिजू द्या. मधूनमधून एक तुकडा बाहेर काढून, गार करून चिमटीत धरा आणि दोन्हीकडे ओढा. जोर न लावता उभा चिरत गेला, की शिजला. इथे झालंय काय? झाडात तंतूंना एकमेकांशी चिकटवून ठेवणारे पदार्थ असतात, त्यातल्या एकाचं नाव लिग्निन. सोड्याच्या गरम पाण्यात हे पदार्थ बरेचसे सुटतात आणि उरतात ते मुख्यतः सेल्युलोजचे तंतू. माझ्या पहिल्या कृतीत हे शिजवणंच नव्हतं. म्हणजे झेंडूऐवजी तुम्ही सोपट घेतलं असतंत, तरी माझ्या कृतीने कागद झाला नसता.

पिंपळाचं जाळीदार पान तुमच्यापैकी कितीजणांच्या वहीत आहे? पान बरेच दिवस पाण्यात भिजवलं, की त्यातला मऊ भाग सडून जातो आणि शिरांची जाळी उरते. सोड्याने तीन तासांत केलं, साधारण तसंच काम तिथे सूक्ष्म जीव सावकाश करतात. ते पान जपून ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता शिजलेलं सोपट जुन्या फडक्यात घेऊन नळाखाली धुवायचं. किती वेळा? पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे सोडा गेला असं नाही. त्यावर एक गंमत आहे. शर्टावर आमटीचा पिवळा डाग पडला आणि त्याला साबण लावला, की तो लाल होतो, हे पाहिलंय ना? हळदीचा तो गुण. धुतलेलं पाणी चमचाभर घ्या आणि त्यात चिमटीभर हळद टाका. लाल झाली, तर सोडा अजून आहे, पुन्हा धुवा. पिवळीच राहिली, तर पास! मला सात पाणी करावी लागली.

धुतलेला गोळा दगडावर ठेवून मोगरीने किंवा लाकडी दांड्याने चांगला धोपटा. या कामाला भावंडांची भांडणं उपयोगी पडतात. धोपटल्याने तंतूंच्या कडा पिंजल्या जातात आणि मग ते एकमेकांत छान गुंततात. नंतर मूठभर लगदा आणि मिक्सरचं भांडं पाऊण भरेल इतकं पाणी घेऊन, थांबत थांबत अर्धा मिनिट फिरवा. नुसतं मिक्सरवरच सोडून चालत नाही. मिक्सर तंतू कापतो, पिंजत नाही. चमचाभर लगदा पेलाभर पाण्यात ढवळून उजेडात धरा. गुठळ्या न दिसता ढगासारखा पसरला, की तयार.

चाळणीला दोन सारख्या मापाच्या लाकडी चौकटी हव्यात. जुन्या फोटोंच्या चालतील. एकीवर खिडकीला लावतात ती डासांची जाळी ताणून, टाचण्या ठोकून बसवा. दुसरी तशीच रिकामी. ती जाळीवर ठेवली की कागदाला कड मिळते. एका पसरट टबात पाणी घेऊन त्यात लगदा सोडा आणि हाताने ढवळा. दोन्ही चौकटी एकत्र धरून टबाच्या कडेने जवळजवळ उभ्या आत घाला, पाण्याखाली आडव्या करा आणि सरळ वर उचला. पाणी गळत असतानाच चौकट मागे-पुढे, डावी-उजवीकडे हलकेच हलवा. पाणी गळून गेल्यावर मात्र हलवायची नाही. माझी पहिली पाच पानं इथेच बिघडली. एकाला मध्ये भोक, एक कडेला जाड नि कडेला पातळ. पण इथली चूक फुकटात सुधारते. जाळी टबात पालथी घाला, लगदा परत पाण्यात. पुन्हा करा!

जमलं की वरची चौकट काढा आणि जाळी ओल्या सुती कापडावर उलटी टाका. पाठीमागून स्पंजने पाणी टिपा आणि एका कडेने जाळी सावकाश उचला. पान कापडावर राहतं. त्यावर दुसरं कापड, त्यावर दुसरं पान. अशी चळत झाली, की खालीवर पाट ठेवून त्यावर उभे राहा. घरातला सगळ्यात वजनदार माणूस बोलवा, त्यांचा मानही राहील. मग एकेक पान कापडासकट काचेवर किंवा गुळगुळीत भिंतीवर, पानाची बाजू आत करून, हाताने दाबून चिकटवा. कापड अलगद सोलून घ्या. वाळलं की पान आपोआप सुटू लागतं. कागद करणारे आपल्याकडचे जुने कारागीर ओले ताव असेच गिलाव्याच्या भिंतींवर वाळवत.

यात डिंक कुठेच नाही, हे लक्षात आलं का? पाणी उडून जाताना तंतू एकमेकांच्या इतके जवळ ओढले जातात, की तसेच धरून राहतात. खात्री करायची असेल, तर वाळलेल्या पानाचा एक तुकडा पाण्यात भिजत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ढवळा. पुन्हा लगदा!

हे काही मी किंवा अण्णांनी शोधून काढलेलं नाही, बरं का. चीनमधल्या साई लुन नावाच्या अधिकाऱ्याने इसवी सन १०५ मध्ये बादशहाला कागद सादर केला, असं तिथल्या इतिहासात लिहिलं आहे. झाडाची साल, चिंध्या आणि मासे धरायची जुनी जाळी यांपासून तो केला होता. बघा, सगळ्या गाठ बसणाऱ्या वस्तू! आता उत्खननांमध्ये त्याच्याही आधीचे कागदाचे तुकडे सापडले आहेत. तेव्हा पहिला मान त्याचा नसेल, पण त्याने कृती नीट बसवली एवढं खरं.

आपल्याकडे दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा नावाचं गाव लागतं. नावातच धंदा आहे! चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा कागद करणारे कारागीर इकडे आले, असं सांगतात. जुन्नरचा कागदही नावाजलेला होता. पुण्यात कसबा पेठेत कागदीपुरा आहेच. या कारागिरांची चाळणी आपल्यासारखी डासांच्या जाळीची नव्हती. गवताच्या बारीक काड्या घोड्याच्या केसांनी गुंफून केलेली ती गुंडाळता येणारी चटई असे. अशा हातकागदावर बोरूने लिहिलेले मोडीतले पेशवाईतले कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत. दोन-अडीचशे वर्षं झाली, तरी वाचता येतात. आणि तुमच्या घरातलं गेल्या वर्षीचं वर्तमानपत्र काढून बघा, पिवळं पडलेलं असेल. वर्तमानपत्राचा कागद स्वस्तात करायचा म्हणून लाकडातलं लिग्निन बरंचसं तसंच ठेवतात. तेच उन्हाने, हवेने पिवळं पडतं. तीन तास शिजवण्याचा कंटाळा आला, तर हे आठवा.

गिरणीच्या कागदापुढे हे कारागीर मागे पडले. गांधीजींच्या पुढाकाराने १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा त्याने हातकागदाचंही काम हाती घेतलं. पुण्याची हातकागद संस्था १९४० सालची. तिचं उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं होतं.

बरं, आपला केळीचा कागद झाला. रंग साधारण गव्हाच्या कोंड्यासारखा, बोटाला खरखरीत आणि वाजवला की कडक आवाज देणारा. आता चित्र! पण रंगाच्या डब्या राहू द्या. चित्रही लगद्याचंच करू या. इथे मात्र रद्दी चालेल, आणि यावेळी मी ते आधीच सांगते आहे! वहीतल्या कोऱ्या कागदाचा पांढरा लगदा करा. थोडा लगदा हळदीच्या पाण्यात रंगवा. थोड्यात कांद्याची कोरडी सालं बारीक चुरून घाला. केळीचं पान नुकतंच कापडावर उलटलेलं असतं, ओलं असतं, तेव्हाच चमच्याने त्यावर हे लगदे सोडायचे. प्लॅस्टिकच्या जुन्या झाकणात गोल भोक पाडून ते पानावर धरलं आणि त्यात पांढरा लगदा ओतला, की झाला चंद्र. वरून कापड ठेवून दाबलं, की चंद्र आणि आकाश एकच कागद होतात. चिकटवलेल्या चित्रासारखा तो निघून येत नाही.

त्या जाळीदार पिंपळपानाची आठवण आहे ना? ते ओल्या पानावर ठेवा आणि कडांवर थेंब-थेंब पातळ लगदा सोडा. वाळल्यावर शिरा वर दिसतात आणि पान कागदात रुतून बसतं. आणि हो, आपला बिचारा झेंडू! त्याला इथे मान आहे. पाकळ्या आधी पुस्तकात दाबून वाळवून घ्या, नाहीतर भोवती तपकिरी डाग पडतात. पाकळ्या फक्त सजावटीपुरत्या, चिमूटभर. हळदीचा पिवळा रंग उन्हात उडतो, त्यामुळे ते चित्र खिडकीसमोर लावू नका. माझं लावलं होतं. आठवड्यात सूर्य फिका पडला.

चित्राऐवजी पत्र लिहायचं असेल, तर आणखी एक पायरी आहे. नुसत्या कागदावर शाई टिपकागदासारखी पसरते. म्हणून तांदळाची पातळ, गाळलेली पेज ब्रशने दोन्ही बाजूंना लावायची, वाळवायची आणि मग कवडीच्या किंवा स्टीलच्या वाटीच्या गुळगुळीत पाठीने घोटायचं. जुने कारागीरही खळ लावून गुळगुळीत दगडाने कागद घोटत. घोटीव कागद म्हणतात तो हा.

त्या सातवीतल्या मुलीला मी उत्तर याच कागदावर पाठवलं आहे. सोबत एक कोरं पान आणि सोपटाची एक पट्टी, गाठ मारून. दोन ओळींत शाई फुटली आहे, तिथे पेज नीट लागली नसावी. तेवढं तिने चालवून घ्यावं. तिच्या दादाला माझा निरोप आहे, की हा कागद आमटीबरोबर चावून दाखव!

तुम्ही कुठल्या झाडाची गाठ बसवलीत, ते मला कळवा. नुसतं नाव नको, कागदाचा दोन बोटं तुकडाही पाठवा. चुरा झाला असेल, तर पुडीत बांधून चुराही पाठवा. कुठे अडलं ते आपण शोधू.

आणि एक राहिलंच. उरलेला लगदा मोरीत ओतू नका. गाळून, पिळून त्याचे गोळे करा आणि वाळवून ठेवा, पुढच्या वेळी भिजवले की चालतात. आमची मोरी तुंबली होती, आणि ती मोकळी करायला अण्णांना झोपाळ्यावरून उठावं लागलं.